नवतप्यातली सावड

सन दोन हजार चोवीस. वैशाखाचा वद्य पक्ष. मे महिना संपत आलेला आणि नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागलेला. नागपुरात या दिवसांत ऊन नुसतं पडत नाही, घरात येऊन बसतं. त्या दिवसांत जे झालं ते सांगतो.

मी कूलर. लोखंडी. तीन बाजूंना गवताच्या ताट्या, पोटात पाण्याची टाकी, छातीत पंखा. मी घरघरतो ते माझं बोलणं नव्हे, ते काम आहे. बोलणं हे. एकदाच सांगणार आहे.

लोकांना वाटतं, एवढ्या आवाजात कूलरला काय ऐकू येणार. उलटं आहे. माझ्या आवाजामुळे माणसं ओरडून बोलतात. त्यामुळे मला सगळं ऐकू येतं. त्यांनाच एकमेकांचं येत नाही.

माझा जन्म उमरेड रोडवरच्या एका पत्र्याच्या शेडमधला. मला घडवणारा मिस्त्री कमी बोलायचा आणि हातोडा जास्त मारायचा. पत्रा जाड वापरायचा. "हलका द्या, उचलायला बरा," असं कोणी गिऱ्हाईक म्हणालं तर त्याला तो शेजारच्या दुकानाकडे बोट दाखवायचा. आजकाल चाकं लावलेले प्लास्टिकचे पांढरे डबे येतात. घरभर फिरतात आणि तीन-चार उन्हाळ्यांत भंगारात जातात. मी कधी फिरलो नाही. आजवर कोणाला करंट दिला नाही. या दोन्ही गोष्टी मी मान वर करून सांगतो.

मला घेतलं मधुकररावांनी. ते एसटीचे ड्रायव्हर. नागपूर-उमरेड गाडी चालवायचे. खाकी कपड्यांतच दुकानात आले, बोटाच्या पेराने माझ्या पाठीवर ठोकलं, आवाज ऐकला आणि म्हणाले, "हाच." भाव केला नाही. त्यांची बायको तारा सोबत होती. तिने एकच विचारलं, "आवाज लय करत नाही ना जी?"

तिचं विचारणं बरोबर होतं. ताराबाई बोलक्या. शेजारच्या कांताबाई आल्या की त्या पहिलं काम करायच्या ते म्हणजे माझं बटन बंद. मग दोघींच्या गप्पा. मधुकरराव घामाघूम होऊन यायचे, बटन चालू करायचे. ताराबाई पुन्हा बंद करायच्या. असे कितीतरी उन्हाळे गेले. माझं बटन त्यातच ढिलं झालं.

मग ताराबाईंना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. सगळं गेलं, एक शब्द राहिला. "चला."

भूक लागली, चला. तहान लागली, चला. कूस बदलायची आहे, पंखा वाढवायचा आहे, मुलीचा फोन आला आहे, चला. सुरुवातीला मधुकरराव प्रत्येक वेळी उठायचे. तिच्या पायात चप्पल चढवायचे. मग उभे राहून विचारायचे, "कुठं?" ती त्यांच्याकडे बघायची आणि म्हणायची, "चला." ज्या माणसाने जन्मभर गाडी वेळेवर सोडली, त्याला आता गाडी कुठे न्यायची तेच कळत नव्हतं. ते खोलीत फेऱ्या मारायचे. दारापासून माझ्यापर्यंत, माझ्यापासून दारापर्यंत.

पण करायचे सगळं स्वतः. कामाला बाई लावली नाही. ताराबाईंची वेणी घालायला शिकले. पहिली वेणी ट्रकच्या दोरखंडासारखी झाली होती. कांताबाई हसल्या तर म्हणाले, "सुटत तं नाही ना? मग झालं."

मुलगी नूपुर पुण्याला. रोज फोन. "बाबा, कसं आहे?" "ठीक आहे." फोन बंद. एसटीच्या तिकिटावर याहून जास्त मजकूर असतो.

मग मधुकररावांचे डोळे गेले. गेले म्हणजे मोतीबिंदू पिकला. ते कबूल करत नव्हते. एकदा कांताबाईंना त्यांनी चहा दिला. कांताबाईंनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"मधुकरभाऊ, चहात मीठ पडलं जी."

"मले तसाच आवडते," असं म्हणून ते सगळा कप प्यायले. स्वतःचाही आणि त्यांचाही.

डॉक्टर म्हणाले होते, आता थांबू नका. ते थांबले होते. ऑपरेशन म्हणजे एक दिवस दवाखाना, मग वाकायचं नाही, उचलायचं नाही. तेवढे दिवस ताराबाईंजवळ कोण? कोणाला विचारणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

विचारलं पलीकडच्या भीमाबाईंनी. दोन्ही घरांच्या मधे एकच भिंत, छातीएवढी. भीमाबाई तिथूनच बोलायच्या. त्यांचे मालक धम्मानंद कोळशाच्या खाणीत होते, उमरेडच्या बाजूला. निवृत्त झाले आणि न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं. डोकं तल्लख, जीभ त्याहून तल्लख, पण शरीर खाटेवर. त्यांचं सगळं भीमाबाईच करायच्या. मुलगा सुरतला.

होळी झाली होती. मला नुकतं पुसून, टाकीला आतून डांबर लावून चालू केलं होतं.

"भाऊ," भीमाबाई भिंतीवरून ओरडल्या, "डोळा करून घ्या. मी तारावैनीजवळ बसीन."

"नाही."

"काहून नाही?"

"मी कोनाचे उपकार घेत नाही."

"उपकार कोन करून राहिलं? सावड करू. आज मी तुमच्याकडं, उद्या तुमी आमच्याकडं."

सावड ही शेतातली रीत. कुहीकडे धानाच्या रोवणीला मजूर पुरत नाहीत. मग आज सगळे मिळून तुझ्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उद्या सगळे माझ्या बांधीत. मजुरी कोणी कोणाला द्यायची नाही. पण ज्याने माझ्याकडे दिवस घातला, त्याच्याकडे मी दिवस घालायचाच. तो ठेवून मरायचं नाही. मधुकरराव कुही तालुक्यातले. भीमाबाईंचं माहेरही तिकडचंच. उपकार म्हटलं असतं तर मधुकररावांनी भिंत उंच करून घेतली असती. सावड म्हटल्यावर त्यांना नाही म्हणता येईना.

"फेडीन," ते म्हणाले.

"फेडाच लागन. मी सोडतो का?"

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नूपुरचा फोन आला. मी पूर्ण वेगात चालू होतो. मधुकरराव ओरडले, "उद्या भीमाबाईची सावड हाय. तू येऊ नोको."

पलीकडे एकदम रडणं. फोन त्यांच्या कानापासून हातभर लांब होता तरी मला ऐकू आलं. पोरगी शहरात वाढलेली. तिला सावड कुठली माहीत? तिला सावडणं माहीत. माणूस गेल्यावर तिसऱ्या दिवशी राख सावडतात, ते.

"बाबा! भीमामावशी कधी गेल्या? मला कोणी सांगितलं का नाही?"

"कुठं गेल्या? भिंतीवर उभ्या हायत."

"काय?"

भीमाबाईंनी भिंतीवरून हात पुढे केला आणि फोन घेतला. "नूपुर, मी बोलून राहिली, भीमा. जित्ती हाओ वं बाई. सध्या तरी." मग हसता हसता त्यांना भिंतीला टेकावं लागलं. खाटेवरून धम्मानंदांनी विचारलं, काय झालं. कळल्यावर म्हणाले, "पोरगी बरोबर बोलते. हिची राख सावडाले मी इथं आडवा पडून वाट पाहून राहिलो."

असं ते ऑपरेशन झालं. भीमाबाईंनी भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकेक स्टूल ठेवलं आणि दोन घरं चालवली. इकडे ताराबाईंना भरवायचं, तिकडे धम्मानंदांना. ताराबाई म्हणाल्या "चला", की भीमाबाई म्हणायच्या, "चला ना वैनी, कोन अडवते?" आणि खुर्चीवर बसवून त्यांना दारापर्यंत न्यायच्या आणि परत आणायच्या. मधुकरराव डोळ्यावर हिरवं फडकं घेऊन आतल्या खोलीत पडून होते. पहिल्या दिवशी त्यांनी घोटभरही पाणी घेतलं नाही. भीमाबाईंनी तांब्या त्यांच्या तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "पेता का ओतू?"

डोळा बरा झाला. त्यांना दिसायला लागलं. पहिलं काय दिसलं असेल तर डोक्यावरची सावड.

ते लगेच पलीकडे गेले. "मी धम्मानंदरावांजवळ बसतो. भीमाबाई, तुमाले कुठं जायाचं तं जा."

धम्मानंद खाटेवरून म्हणाले, "माह्याजवळ बसाले मी काय अंडं हाओ?"

मधुकरराव परत आले. दुसऱ्यांदा गेले. धम्मानंद झोपेचं सोंग घेऊन पडले. मग मधुकररावांनी भीमाबाईंचं गंजलेलं फाटक दुरुस्त करून दिलं. आंबे दिले. नळ गेला तेव्हा पाण्याच्या बादल्या पोचवल्या. भीमाबाईंनी सगळं घेतलं. आंब्याची पाटी परत आली तेव्हा तिच्यात ज्वारीच्या पापड्या होत्या.

"फिटली का?" मधुकररावांनी विचारलं.

"हे तं शेजार झालं, भाऊ. सावड अंगानं फेडाची असते. तुमाले मालूम हाय."

त्यांना माहीत होतं. म्हणूनच झोप नव्हती. त्या महिन्यात मला ते दिवसातून कितीदा चालू-बंद करायचे, त्याला हिशेब नाही. कारण नसताना ताट्या काढायचे, झटकायचे, परत लावायचे. भीमाबाई भिंतीवर आल्या की घरात जायचे. घेणेकरी दिसला की माणूस रस्ता बदलतो, तसं. तिकडे ताराबाई सारख्या "चला, चला." मला घरघरायला तरी मिळतं. त्यांनी काय करावं?

मग नवतपा लागला आणि भीमाबाईंच्या कूलरची मोटर जळाली. वायंडिंग करणारा म्हणाला, चार दिवस हात मोकळा नाही. मुलगा सुरतेहून म्हणाला, नवीन मागवतो, येईल तेव्हा येईल. दुपारी त्यांच्या भिंतींना हात लावता येत नव्हता. धम्मानंदांच्या पाठीवर घामोळं आणि खाली चादर ओलीचिंब. झोपून असलेल्या माणसाची पाठ अशीच फुटते. भीमाबाई दिवसभर पाठीखाली हात घालून कूस बदलत होत्या.

"आमच्याकडं चला," मधुकरराव म्हणाले.

"काही गरज नाही. खानीत याच्याहून जास्त तपत होतं," धम्मानंद म्हणाले.

मधुकररावांनी वाद घातला नाही. घरी आले. माझा प्लग काढला, टाकी रिकामी केली, खिडकीचे नट सोडले. मग गल्लीतल्या माणसांना हाक मारली. चौघांनी मला उचललं. मी आयुष्यात पहिल्यांदा माझी खिडकी सोडली. कांताबाई फाटकात काठी टेकून ओरडत होत्या, "सांभाळून गा! पाय तोडान एखाद्याचा!" माझ्या मागून ताराबाईंची खाट. ताराबाई खाटेवर बसलेल्या, डावा हात वर केलेला. "चला! चला!" इतक्या दिवसांत त्यांचं पहिल्यांदा कोणी ऐकलं होतं.

मधुकरराव धम्मानंदांसमोर उभे राहिले. "हे तुमच्यासाठी नाही. ताराले इकडं करमते."

खोटं होतं. पण घरी आलेल्या बाईमाणसाला परत जा कसं म्हणणार? धम्मानंदांनी मान फिरवली आणि म्हणाले, "भीमा, वैनीले पानी दे."

असा मी भीमाबाईंच्या खिडकीत आलो. अजून तिथेच आहे.

एक खोली, दोन खाटा, मधे मी. माझं तोंड कोणाकडे, यावरून पहिल्या दिवशी दोन्ही बाजूंनी मोठेपणा झाला. "वैनीकडं करा." "नाही, तुमच्याकडं." शेवटी भीमाबाईंनी मला मधोमध केलं आणि दोघांना म्हणाल्या, "आता भांडा."

चार वाजता चहा. चहाला कांताबाई यायच्या, डोक्याला ओला दुपट्टा, कमरेला कांदा खोचलेला. ऊन लागू नये म्हणून. मी चालू असल्यामुळे सगळे ओरडायचे. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, इथे भांडण पेटलंय. तिथे चालली असायची कोणाची गोळी कोणती याची चर्चा.

"रात्री झोप झाली का वं?" कांताबाई भीमाबाईंना विचारायच्या.

"झाली."

"खोटं नोको बोलू. डोळे पाह्य आरशात."

"नाही झाली."

"मंग असं बोल ना. मधुकरभाऊ, तुमची?"

"झाली."

"हे बी खोटं."

एवढंच. यावर कोणाकडे उपाय नव्हता. पण खरं विचारणारं आणि खरं ऐकणारं कोणी असलं की माणूस चहा सावकाश पितो, हे मी पाहिलं. मग कामाचं निघायचं. मधुकरराव चादरीची दोन टोकं धरून ताराबाईंची कूस कशी बदलतात ते भीमाबाईंनी पाहून घेतलं. कंबर वाचते. भीमाबाईंनी त्यांना भात जरा जास्त शिजवून हाताने कसा मऊ करायचा ते दाखवलं. कांताबाई काही करायच्या नाहीत. गल्लीतल्या बातम्या आणायच्या. तेही काम आहे.

सगळ्यात जास्त गंमत धम्मानंद आणि ताराबाईंची. ताराबाई म्हणाल्या "चला", की धम्मानंद पलीकडच्या खाटेवरून विचारायचे, "कुठं जायाचं, वैनी? उमरेड?"

"चला."

"डायवरसाहेब, वैनी बसल्या गाडीत. सोडा."

पहिल्यांदा मधुकररावांनी चहाचा घोट घेतला. दुसऱ्यांदा कप खाली ठेवून म्हणाले, "दिघोरी."

"चला," ताराबाई म्हणाल्या.

"विहीरगाव."

"चला."

"पाचगाव. चांपा. उदासा." मधुकरराव एकेक थांबा घेत होते आणि ताराबाई प्रत्येक थांब्यावर गाडी सोडत होत्या. उमरेड आलं तेव्हा त्या हसल्या. अर्ध्याच तोंडाने, पण हसल्या. कांताबाईंनी दुपट्ट्याने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "कांदा लागला."

धम्मानंद हसत होते. पण मधुकररावांनी त्यांची उशी सरळ करायला हात पुढे केला, की हसणं बंद. "राहू द्या. भीमा करन." भांडं द्यायचं असो, कूस बदलायची असो, भीमा करन. मधुकररावांचा हात तिथेच थांबायचा.

एका दुपारी फोन आला. कुहीहून, भीमाबाईंच्या बहिणीच्या मुलाचा. भीमाबाईंची थोरली बहीण गोपिका. आईच्या मागे तिनेच यांना वाढवलं. फोन स्पीकरवर होता.

"मावशी, आईनं अन्न सोडलं. तुहंच नाव घेऊन राहिली. येऊन जा. लवकर ये."

भीमाबाई "हो" म्हणाल्या. फोन ठेवला. मग घासलेलं पातेलं घेतलं आणि पुन्हा घासायला बसल्या.

"जाऊन ये वं," कांताबाई म्हणाल्या.

"येईन मंग."

"मंग कधी? माणूस थांबते का?"

"इथं कोन हाय?"

"मी हाओ," मधुकरराव म्हणाले.

सगळे धम्मानंदांकडे बघायला लागले. ते भिंतीकडे बघत होते. भिंतीकडे बघतच बोलले.

"डायवरसाहेब, सावड बरोबरीच्याची असते. माह्या बापानं साऱ्या गावाची रोवणी केली. कंबरेतून वाकला तो वाकलाच. आमची बी अर्धा एकर बांधी होती. तिच्यात कोन उतरलं? एक मानूस नाही उतरला. आमचं काम घेतलं, त्याले सावड नाही म्हनत. भीमानं तो शब्द काढला, तिले गोड वाटला असन. मले नाही वाटत. मले तुमची सावड नाही पायजे."

मी चालू होतो, तरी ते ओरडले नव्हते. पण सगळ्यांना ऐकू आलं.

मधुकरराव उठले आणि बाहेर गेले. डोक्याला काही न बांधता. भर दुपारी, नवतप्यात, अंगणात फेऱ्या मारत राहिले. फाटकापासून भिंतीपर्यंत, भिंतीपासून फाटकापर्यंत. भीमाबाईंनी ओढून आत आणलं. "तुमाले ऊन लागलं तं मी किती जनाले पाहू?" त्या ओरडल्या. त्या दिवशी पहिल्यांदाच त्या खरोखर ओरडल्या.

मग धम्मानंद म्हणाले, "भीमा, तू जा. बहीन हाय. मी काही मरत नाही. पन मले कोनी हात लावाचा नाही."

सकाळी पहिल्या एसटीने भीमाबाई गेल्या. जाताना मागे वळून पाहत गेल्या.

मधुकररावांनी धम्मानंदांच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला. हात लावला नाही. ताराबाईंचं सगळं आवरलं. थोड्या वेळाने विचारलं, "पानी पेले का?"

"पेलो."

नव्या डोळ्याला तांब्यातलं पाणी दिसत होतं. काठोकाठ होतं. पुन्हा विचारलं. पुन्हा "पेलो." पाणी तेवढंच. कांताबाई डबा देऊन गेल्या. धम्मानंदांनी जेवणही नको म्हटलं. ओठ पांढरे पडायला लागले. माणूस पाणी का पीत नाही, हे मला आधी कळेना. मी पाण्यावर चालतो. पाण्याला कोणी नाही म्हणेल, हे मला समजत नाही. मग खाटेखालचं भांडं दिसलं आणि कळलं. पाणी प्यायलं की लघवी लागणार. लागली की भांडं मागावं लागणार. ते कोणाला मागायचं?

दुपारी लाईट गेली.

मी थांबलो. पंखा दोन-चार फेरे फिरला आणि उभा राहिला. ताट्यांतून पाणी टपकायचं बंद झालं. खोलीत उकाडा चढत गेला, चुलीवर तवा चढावा तसा. मधुकररावांनी चादर भिजवून खिडकीला लावली. दुसरी भिजवून ताराबाईंच्या अंगावर घातली. तिसरी हातात घेऊन धम्मानंदांच्या खाटेजवळ उभे राहिले. घातली नाही. हात लावायचा नाही, असं ठरलं होतं.

मी बंद होतो. आता ओरडायची सोय नव्हती. बोलायचं तर हळूच बोलावं लागणार होतं.

"धम्मानंदराव," मधुकरराव म्हणाले, "तुमच्या बापाच्या बांधीत मी बी उतरलो नसतो."

धम्मानंदांनी डोळे उघडले.

"तवा मी असतो, तं बांधावरून पाहून निघून गेलो असतो. माहा बाप बी तसाच गेला. आमच्या गावाले बी हेच होतं. ते फिटत नाही. ते फेडतो म्हनलं, तं मी लबाड. मी भीमाबाईची सावड फेडाले आलो. तेवढी फेडू द्या."

खिडकीवरच्या चादरीतून वाफ निघत होती.

"मी बी नव्हतो पेलो," मधुकरराव म्हणाले. "ऑपरेशनच्या दिवशी. डोळ्यावर फडकं, आन् उठवाले बाईमानूस. मले काय वाटलं ते माह्या जिवाले मालूम. तांब्या तिनं तोंडाले लावला. तुमाले लावू का?"

ताराबाई म्हणाल्या, "चला." त्यांच्याकडे दोघांनीही पाहिलं.

"ते पानी गरम झालं असन," धम्मानंद म्हणाले.

"माठातलं आनतो."

त्यांनी माठातलं पाणी आणलं. धम्मानंदांच्या मानेखाली हात घातला. धम्मानंद प्यायले. सगळा पेला. मग दुसरा. पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं, ते मधुकररावांनी दुपट्ट्याने टिपलं. ओली चादर अंगावर घातली. मग पुठ्ठ्याने वारा घालत बसले. एकदा या खाटेला, एकदा त्या.

काही वेळाने धम्मानंद भिंतीकडे बघत म्हणाले, "डायवरसाहेब, भांडं द्या."

मधुकररावांनी भांडं दिलं, धरलं, आणि माझ्याकडे पाहत राहिले. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मग नेऊन धुतलं.

लाईट आली तशी मी सुरू झालो. संध्याकाळी अंग पुसून झालं. पाठीला पावडर लावताना धम्मानंद म्हणाले, "गाडी हळू चालवा. पाठ हाय, रस्ता नाही." मधुकरराव म्हणाले, "रस्ता बराच खराब हाय." रात्री दोघेही घोरत होते. माझ्यापेक्षा मोठ्याने.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर भीमाबाई आल्या. चेहरा उन्हाने काळवंडलेला. दारातच विचारलं, "हे कसे हायत?"

"गोपिका कशी हाय?" धम्मानंदांनी उलट विचारलं.

"भेटली. ओळखलं मले. माह्या हातानं दोन घास पेज घेतली." त्या खाली बसल्या, पदराने तोंड पुसलं, आणि मग तांब्याकडे पाहिलं, खाटेखाली पाहिलं, मधुकररावांकडे पाहिलं.

धम्मानंदांनी त्यांना जवळ बोलावलं.

"भीमा," ते म्हणाले, "तुही सावड फिटली."